गोठवलेला चार नंबर

बर्फावर रेयो रूस्कानेनला चकवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. कोस्किनिएमीच्या आइस हॉकी संघात तो एकवीस हिवाळे बचावपटू म्हणून खेळला, आणि नव्या खेळाडूंना त्यानं एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली. "पकाकडे बघू नका रे. ती रबरी चकती खोटं बोलते. डोळ्यांकडे तर नाहीच नाही, ते त्याहून खोटं बोलतात. छातीकडे बघा. छाती जिकडे, माणूस तिकडे." स्वतः त्यानं आयुष्यात चाळीसेक गोल केले असतील, त्यातले निम्मे चुकून. किती होऊ दिले नाहीत, ते कोणी मोजत नाही. बचावपटूचं असंच असतं. काम चोख झालं की काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही म्हणून टाळ्या कोण वाजवणार? पुढचे सहा दात गेलेले, डाव्या हाताची दोन बोटं धड न वळणारी, नाक तीन वेळा बसवलेलं, एवढी त्याची कमाई. वय अडतीस.

असा हा माणूस जानेवारीतल्या एका मंगळवारी केकला फसला.

केक मॅनेजर लेप्पालाच्या टेबलावर होता. वर बदामाच्या लगद्याचा हिरवागार चारचा आकडा. लेप्पालानं स्वतःच्या हातानं कॉफी ओतली, तिथंच खरं तर सावध व्हायला हवं होतं.

"रेयो, सातशे सामने झाले तुझे. बोर्डानं ठरवलंय, तुझा चार नंबर गोठवायचा."

नंबर गोठवायचा म्हणजे तो शर्ट हॉलच्या छताला चढवायचा, आणि पुन्हा त्या संघात तो आकडा कुणाच्या पाठीवर येऊ द्यायचा नाही. कोस्किनिएमीत आजवर असे दोनच शर्ट वर गेले होते. एकाचा धनी वारला होता, दुसरा गुडघे गेल्यावर भावाच्या शेतावर गायी राखत होता. रेयोनं हातातला कप खाली ठेवला. गिरणीकामगाराचा पोरगा तो, लहानपणी बापाच्या जुन्या बुटांना पाती बांधून तळ्यावर खेळलेला. त्याचा शर्ट छताला! त्यानं केकचा दुसरा तुकडा घेतला आणि मान हलवली. लेप्पालानं त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हा फांद्या मोजत बसला. त्या वेळी लेप्पालाची छाती कुठं वळली होती ते त्यानं बघितलंच नाही.

समारंभ शनिवारी दुपारी, सामन्याच्या आधी झाला. मांडीचा स्नायू दुखावल्यामुळे रेयो तसाही त्या आठवड्यात खेळणार नव्हता, म्हणून तो सूट घालून गेला. बर्फावर लाल सतरंजी अंथरली होती. अग्निशमन दलाच्या बँडनं कूच वाजवली, चार हजार माणसं उभी राहिली, सतरंजीवर त्याची बायको आइला नव्या कोटात ताठ उभी होती. रीत अशी की शर्टाचा दोर ज्याचा त्यानं ओढायचा. रेयोनं ओढला. चार नंबर हलत हलत वर गेला आणि त्याला रडू आलं, अगदी उघड्यावर. त्याला त्याची लाज वाटली नाही.

घरी जाताना गाडीत आइलानं विचारलं, "छान झालं सगळं. पण सोमवारी सरावाला तू घालणार काय?"

"उर्हो देईल की दुसरा शिवून," असं म्हणून तो हसला.

उर्हो म्हणजे संघाचं सामान सांभाळणारा म्हातारा. सोमवारी सकाळी रेयो आत आला तेव्हा तो कुणाच्या तरी स्केटच्या पात्याला धार लावत बसला होता. रेयोच्या खुंटीवर काहीच नव्हतं.

"उर्हो, माझा शर्ट कुठाय?"

उर्होनं मान वर न करता अंगठा वर केला. छताकडे.

"चेष्टा पुरे. सरावाला उशीर होतोय."

"चेष्टा कसली? गोठलेला नंबर कुणी घालत नाही. कुणी म्हणजे तूसुद्धा. मला वाटलं तुला ठाऊक आहे." मग त्यानं मशीन बंद केलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. "देवा रे. तुला ठाऊक नव्हतं? अरे, दोर तर तूच ओढलास!"

रेयो तडक लेप्पालाकडे गेला. या वेळी टेबलावर कॉफी नव्हती.

"दुसरा नंबर दे. सात दे, सव्वीस दे, कुठलाही दे."

"असं कसं रेयो? गावानं तुला निरोप दिलाय. बायका रडल्या. आता तू सव्वीस नंबर घालून परत उगवलास तर लोक हसतील. पगार एप्रिलपर्यंत मिळेल, त्याची चिंता नको. बर्फाला भोक पाड, मासे धर."

"मी खेळणं सोडतोय असं तुला कधी म्हणालो?"

"नाही म्हणालास," लेप्पाला शांतपणे म्हणाला. "पण सोडत नाही, असंही कुठं म्हणालास?"

रेयो बाहेर अंगणात येऊन उभा राहिला. उणे बावीस होतं आणि डोक्यावर टोपी नव्हती. वीस वर्षं लोकांच्या हुलकावण्या वाचणारा माणूस, आणि त्यानं केक खाऊन स्वतःचं जिवंतपणी श्राद्ध घालून घेतलं. लेप्पालाचा राग आला त्याहून जास्त स्वतःचा आला. पाय मंदावलेत हे त्याला लेप्पालाच्या आधी कळलं होतं. गेल्या वर्षी जो पोरगा त्याच्या हाताला लागायचा तो यंदा निसटायचा. पण मंदावणं वेगळं आणि थांबणं वेगळं. आणि थांबायचं कधी, हे ज्याचे पाय त्यानं ठरवायचं. टेबलामागं बसलेल्या माणसानं नाही, आणि बँड वाजवूनही नाही. हे एवढं त्याच्या मनात पक्कं झालं, तेव्हा त्याचे कान बधिर झालेले होते.

संघ बदलायची मुदत जानेवारीअखेरपर्यंत असते. त्यानं सुटकेचा कागद मागितला. लेप्पालानं हसत सही केली. या म्हाताऱ्याला घेणार कोण?

घेतलं रौतालानं. रौताला म्हणजे सत्तर किलोमीटरवरचं लोखंडाच्या कारखान्याचं गाव, खालच्या गटातला संघ. खेळाडू सकाळी भट्टीवर आणि संध्याकाळी बर्फावर. हॉल इतका थंड की प्रेक्षक घोंगड्या घेऊन यायचे. तिथला प्रशिक्षक नुर्मेला एके काळी रेयोविरुद्ध खेळलेला.

"माझे हे दोन दात कुणामुळे गेले, आठवतं का?" नुर्मेलानं ओठ वर करून दाखवला.

"कुणामुळे?"

"तुझ्यामुळे, गाढवा! शहात्तर साली. आता ये आणि दुसऱ्यांचे काढ."

चार नंबर तिथं एका वेल्डरकडे होता. त्यानं तो द्यायला साफ नकार दिला. "तू सातशे सामने खेळला असशील, मी या शर्टात लग्नाची मागणी घातलीय." रेयोला हे उत्तर फार आवडलं. त्यानं चव्वेचाळीस घेतला. नुर्मेला म्हणाला, एक चार छताला टांगला म्हणून हा दोन घेऊन आला. रौतालात हा विनोद महिनाभर चालला.

कोस्किनिएमीत मात्र कोणी विनोद केला नाही. त्या वर्षी कोस्किनिएमी वरच्या गटात तळाला गेलं आणि रौताला खालच्या गटात पहिलं आलं. अशा वेळी दोघांत पाच सामने होतात. जो तीन जिंकेल तो वरच्या गटात, दुसरा खाली. म्हणजे रेयो आता आपल्याच गावाला खाली ओढायला निघाला होता.

आमच्याकडे लोक भांडत नाहीत, ते कॉफी घ्यायची थांबतात. आइला हॉलमधल्या दक्षिण बाजूच्या टपरीवर बसायची, कॉफी आणि पुल्ला, म्हणजे वेलची घातलेला गोड पाव, विकायची. पंधरा वर्षं तिच्यापुढं रांग असे. मार्चमध्ये रांग उत्तरेच्या टपरीकडे गेली. माणसं शंभर पावलं जास्त चालत, तिच्यासमोरून जाताना मान हलवत आणि पुढं सरकत. वर्षानुवर्षं शेजारी असलेला पाउली घरून थर्मास आणू लागला. चार सामन्यांत दोन-दोन अशी बरोबरी झाली तोवर आइलाच्या पुल्ला घरी येऊन येऊन रेयोला त्यांचा कंटाळा आला होता.

"माझ्यावर रागावलीस?" त्यानं एकदा विचारलं.

"रागावले तर आहेच. दोर ओढलास ना, त्याबद्दल. बाकीच्याबद्दल नाही." तिनं शिळी पुल्ला कॉफीत बुडवली. "त्या पाउलीच्या बायकोच्या बाळंतपणात मी आठ दिवस त्यांच्या गायींच्या धारा काढल्या. आणि आता थर्मास! खेळ तू. कॉफी थंड होते तर होऊ दे."

पाचव्या सामन्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, लेप्पाला त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. आइलानं त्याला कॉफी दिली नाही. कप समोर मांडलेले असून दिली नाही, हे त्यालाही समजलं.

"रेयो, उद्या तुला ताप येऊ शकतो," लेप्पाला म्हणाला. "मांडी पुन्हा दुखू शकते. कोणी काही विचारणार नाही. हंगाम संपला की तू आमचाच. पोरांना शिकव, पगार घे. पण उद्या तू आमच्याविरुद्ध बर्फावर उतरलास, तर तो शर्ट छताला ठेवणं मला अवघड जाईल."

"मग उतरव ना."

"काय?"

"शर्ट उतरव. चाकाला तेल घालायला सांग उर्होला, मी ओढला तेव्हा दोर अडकत होता." रेयो उठला आणि त्यानं दार उघडून धरलं. "तुला वाटतं मी त्याला भितो? अरे, मला तो उतरलेलाच हवाय!"

लेप्पालानं अर्थातच शर्ट उतरवला नाही. गावाला काय उत्तर देणार होता? दुसऱ्या दिवशी रेयो पाहुण्यांच्या दारातून आत आला तेव्हा चार नंबर जागच्या जागी लटकत होता आणि चार हजार माणसं त्याच्या खाली बसली होती. निवेदकानं पाहुण्यांची नावं वाचली. "चव्वेचाळीस, रेयो रूस्कानेन." कोणी टाळी वाजवली नाही आणि हुर्योही उडवली नाही. इतकी शांतता की त्याला स्वतःच्या पात्यांचा आवाज ऐकू आला. ती शांतता त्याला शिव्यांपेक्षा जास्त लागली. मयताला आलेले लोक अशी शांतता पाळतात.

सामना घासून झाला. पहिल्या सत्रात कोस्किनिएमीनं गोल केला, तिसऱ्यात त्या वेल्डरनं बरोबरी साधली. रेयोनं दोन फटके अंगावर घेतले, एक बरगडीवर, एक घोट्यावर. दुसऱ्यानंतर बूट आतून गरम वाटू लागला. बाकावर नुर्मेला कानाशी ओरडला, "चालतोय का पाय?"

"पायाचं विचारू नकोस. पुढची पाळी कुणाची ते सांग!"

साठ मिनिटांनंतर एक-एक. मग जादा वेळ, त्यात पहिला गोल होईल तो जिंकला. सहाव्या मिनिटाला यान्ने पक घेऊन मध्यरेषा ओलांडून आला. यान्ने कोस्किनिएमीचा सगळ्यात वेगवान गडी, रेयोनंच तीन वर्षं घडवलेला. समोर एकटा रेयो. यान्नेनं पक डावीकडे दाखवला, डोळे डावीकडे फिरवले. रेयोनं छातीकडे बघितलं. छाती उजवीकडे वळत होती. त्याला सगळं कळलं, अगदी वेळेवर, गेल्या वीस वर्षांत कळायचं तसंच. डोक्याला कळलं आणि पायांना उशिरा कळलं. त्याची स्टिक हातभर कमी पडली. यान्ने उजवीकडून गेला, आणि मागं गोल झाल्याचा लाल दिवा लागला.

हॉल कोसळेल असा गलका झाला. रेयो बर्फावर आडवा पडला होता, तिथून तो हळूहळू उठला. चूक त्याची होती. रौताला खालीच राहणार होतं आणि त्याला कारण तो होता, दुसरं कोणी नाही. दोन्ही संघ रांगेत एकमेकांचे हात हाती घेत पुढं सरकले. यान्ने त्याच्यापाशी थांबला. "आजोबा, ओळखलं होतंत ना?"

"ओळखलं होतं. पाय आले नाहीत."

एवढ्यात बँड सुरू झाला. रेयोनं वळून पाहिलं. बर्फावर लाल सतरंजी उलगडत होती आणि तिच्यावरून लेप्पाला चालत येत होता, एका हातात फुलं, दुसऱ्यात माइक. हरला असता तर त्या फुलांचं त्यानं काय केलं असतं देव जाणे. पण तो जिंकला होता, आणि जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काय लागतं?

"मित्रांनो!" त्याचा आवाज हॉलभर घुमला. "आज आपण सगळं विसरू या. रेयो आपलाच आहे. त्याचा खेळ इथं सुरू झाला, आणि आज इथंच, त्याच्या स्वतःच्या शर्टाखाली संपतोय. या, त्याला निरोप देऊ!"

आणि लोक उठले. सगळे उठले. "रे-यो! रे-यो!" पाउली थर्मास काखेत धरून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते, हीच तर पंचाईत होती. या माणसांना त्याच्यावर प्रेम करायचं होतं, दोन महिने ते अडवून धरलेलं होतं, आणि आता लेप्पालानं बांध फोडला होता. रेयोनं फक्त हात वर करायचा होता. मग सगळं पूर्वीसारखं. उद्या आइलापुढं रांग लागली असती. रस्त्यात लोकांनी थांबवून खांद्यावर थाप दिली असती. पोरांना शिकवायची नोकरी, पगार, तळ्यावरचे मासे. वरच्या बाजूला टपरीपाशी आइला उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

घोट्यात कळ येत होती. लेप्पाला फुलं पुढं करून उभा होता. या वेळी रेयोनं त्या फुलांकडे बघितलं नाही. त्यानं लेप्पालाच्या छातीकडे बघितलं. ती माइकच्या बाजूला किंचित वळली होती, पुढचं वाक्य बोलायच्या तयारीत.

रेयोनं फुलं घेतली नाहीत. माइक घेतला.

गलका ओसरायला वेळ लागला. त्याला भाषण करायची सवय नव्हती, एकवीस वर्षांत तो सामन्यानंतर तीन वाक्यांवर कधी गेला नव्हता.

"तो शेवटचा गोल माझ्यामुळे झाला," तो म्हणाला. "मी कमी पडलो. हे तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, लपवण्यात अर्थ नाही."

लोकांनी पुन्हा टाळ्या सुरू केल्या, कौतुकानं. कुणी तरी ओरडलं, "असू दे रे, रेयो!"

"असू दे कसं? ऐका. मी खेळणं सोडलेलं नाही. जानेवारीतही सोडलं नव्हतं. मला कोणी विचारलंच नाही, आणि मी मूर्खासारखा दोर ओढला. ती चूक माझी. पण निरोप मी घेतलेला नाही, आणि आज घेत नाही." त्यानं श्वास घेतला, बरगडी दुखली. "घोटा मोडलाय बहुतेक. ऑगस्टपर्यंत जुळेल. पुढच्या मार्चमध्ये तुम्ही पुन्हा तळाला याल, तुमचा बचाव बघता येणारच आहात. तेव्हा आम्ही असू. आणि तेव्हा मी तुम्हाला खाली पाठवीन!"

लेप्पालाची फुलं हातातच राहिली. बँडवाल्यांतल्या कुणाच्या तरी हातून झांज निसटली आणि बर्फावर गरगरत राहिली.

मग उत्तरेच्या कोपऱ्यातून पहिली हुर्यो आली. बारीक, एकट्या गळ्याची. मग दहा गळ्यांची. मग सगळ्या हॉलची. "जा रे रौतालाला!" "आधी पाय तर उचल, म्हाताऱ्या!" "पाठव खाली, बघू तरी!" पाउलीनं थर्मास बाकड्यावर आपटला, तोंडात दोन बोटं घातली आणि कान फाटतील अशी शिट्टी मारली. दोन महिने ज्यांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं होतं ते आता त्याच्याकडे बोटं रोखून, लाल होऊन, शिरा ताणून ओरडत होते.

रेयोनं माइक लेप्पालाच्या हातात परत दिला आणि तो बाहेरच्या दाराकडे निघाला. सरळ जवळच्या दारानं नाही, तर फळ्यांच्या कडेकडेनं, पूर्ण फेरी घालून, एका पायावर घसरत. घाई कसली होती? चार हजार माणसं घसा फोडून त्याला शिव्या देत होती, आणि मेलेल्या माणसाला कोणी शिव्या देत नाही.